काठावरच्याचा वाटा

१

गांडुळं करवंटीत घ्यायची आणि वर मूठभर ओली माती थापायची, हे काम जयवंतला डोळे मिटूनही जमलं असतं. आता तो ते जवळजवळ तसंच करत होता, एवढाच काय तो फरक.

रविवारी उजाडलं की बांबूची काठी खांद्यावर टाकून तो मरोळच्या चाळीतून बाहेर पडे. संपात गिरणी गेली ती गेलीच, पण रविवार त्यानं कुणाला दिला नव्हता. नाक्यावर कुंडलिक उभा असे. कुंडलिक बार्शीकडचा, एका वर्कशॉपात लेथ चालवणारा. दोघांची ओळख नदीवरच झाली होती. एकाचा गळ दुसऱ्याच्या दोरीत अडकला, आणि आधी शिव्या झाल्या, मग विड्या.

"काय जयवंता, गुंड्या वरखाली लागल्यात. वहिनीनं बघितलं नाही वाटतं?"

"मासे काय गुंड्या बघून येतात?"

"तुझं तोंड बघून तर येतच नसतील."

असं बोलत दोघं आरेच्या बाजूनं वर चढत. झाडीतून मिठी नदी उतरते आणि म्हशींच्या गोठ्यांमागून मरोशीकडे वळते. पुढं खाली तिचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या वळणावर ती अजून नदी होती. उंबराच्या मुळांखाली डोह, डोहाला लागून काळा सपाट कातळ, पाण्यात मरळ, तिलापी, नशीब असेल तर एखादी वाम. एवढी माणसं या उपनगरात राहतात आणि इथं नदी आहे हेच बहुतेकांच्या गावी नाही, याचं जयवंतला दर रविवारी नव्यानं नवल वाटे. अंगणात हत्ती बांधलाय आणि घरातली माणसं त्याच्याकडे न बघता ये-जा करताहेत, असं काहीतरी.

मासे धरून झाले की कातळावर सागाची पानं अंथरून वाटे घालायचे. ही जयवंतच्या गावची, मालवणाकडची रीत. तिथं नदीत मासे धरले की काठावर जो जो उभा असेल त्याचा वाटा निघे. पाण्यात पायही न घातलेल्याचा. नुसत्या वाटसरूचासुद्धा. आणि मागाहून कुरबूर नको म्हणून एकानं वाट्यांकडे पाठ करायची, दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोऱ्यानं न बघता सांगायचं. एकदा सांगितलं की संपलं, मग बदलायचं नाही आणि नाकारायचंही नाही. शेवटचा वाटा उचलील त्यानं कातळ धुवायचा.

"दोन माणसांत कसली रे एवढी कोर्टकचेरी?" कुंडलिक पहिल्यांदा म्हणाला होता. आता त्या कोर्टकचेरीवाचून त्यालाच चैन पडत नसे.

२

डोळ्यांचं निदान काचबिंदू. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "गेलं ते परत यायचं नाही, काका. उरलंय ते थेंबांनी जपायचं."

उजेड कडेकडेनं विझत आला होता. आधी परातीएवढं दिसे, मग ताटाएवढं. यंदा गणपतीत गावच्या घरी आरतीला उभा राहिला तेव्हा वाटीएवढ्या उजेडात त्याला मूर्तीचा फक्त हात दिसला. त्या वाटीभोवती अंधार होता असंही नाही. तिथं काही नव्हतंच. माणसाला पाठीमागचं दिसत नाही, म्हणून काय तिथं काळं दिसतं? तसं. जयवंतची पाठच हळूहळू पुढं सरकत डोळ्यांपर्यंत आली होती.

त्याचा मुलगा श्यामकांत टेलिफोन खात्यात होता. मनानं चांगला, बोलायला फटकळ.

"बाबा, मागं गटारात पाय गेला. काल दूधवाल्याच्या सायकलीवर आदळलात. उद्या नदीत पडलात तर कळणार कुणाला? माशांना?"

"कुंडलिक असतो."

"कुंडलिककाका काय जन्मभर तुमच्या शर्टाला धरून बसणार?"

जयवंतची बायको रत्नप्रभा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. "रे श्याम, दिवाळीपर्यंत जाऊंदे तेंका," ती म्हणाली. "मगे काठी माळ्यार."

ठरलं. जयवंतनं वाद घातला नाही. घालून सांगणार काय? घरात तो अडगळ होत चालला होता. 'बाबा, जरा पाय आत घ्या' हे त्याच्या वाट्याला दिवसातून कितीदा येई. नदीवर तसं नव्हतं. तंगुसाची दोरी तर्जनीवर घेतली की तिलापीची टोचणी, मरळीचा घास, पाण्यातल्या चिंधीचं अडणं, सगळं वेगवेगळं कळायचं. बूच बुडालं की नाही ते बघायची गरजच नसे. घरात तो आंधळा होत होता, नदीवर होत नव्हता. ती नदी दिवाळीला सुटणार होती.

३

गौरीगणपती आटोपून आल्यानंतरच्या एका रविवारी मासे बरे लागले. जयवंतनं कातळावर बसून हातानं चाचपत वाटे घातले. मोठा मासा इकडे, त्याच्या बदल्यात दोन लहान तिकडे. मग तो पाठ करून बसला.

"हा कुणाचा?" कुंडलिकनं विचारलं.

"तुझा."

"हा?"

"माझा." जयवंत उठायला लागला.

"आणि हा?"

"चल रे. दोनच आहेत."

"दोन कुठले? तीन घातलेस की. तीन पानं, तिन्हीवर मासे. मला वाटलं, वहिनीच्या माहेरचा कुणी यायचाय."

जयवंतनं वळून वाटीएवढ्या उजेडात एक पान बघितलं, मान हलवून दुसरं, मग तिसरं. तिसरं होतं. वर एक तिलापी आणि दोन बोटभर मासे, अगदी नीट, बाकीच्या दोन वाट्यांच्या बरोबरीनं. हातांनी सवयीनं मोजलं होतं, काठावर किती माणसं आहेत ते. त्याच्या हातांना तीन लागली होती.

"म्हातारा झालास," कुंडलिक हसला. "घालून टाक तुझ्यात."

"घातलेला वाटा मोडत नाहीत."

"मग?"

"राहू दे. मांजर खाईल."

परतताना जयवंतनं स्वतःला समजावलं. हाताची चूक. गिरणीत मागावर तीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात कधीकधी आपल्याच तंद्रीत चालतात. पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट त्यानं कुंडलिकला सांगितली नाही. वाटे घालताना त्याला जराही शंका आली नव्हती. तीन माणसांत बसून मासे वाटताना जसा दाटीचा, सोबतीचा भास असतो, तसा तो होता. डाव्या अंगाला.

४

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा पान नव्हतं, मासे नव्हते. यात विशेष काही नाही, आठवडा झाला होता. मांजर, मुंगूस, बगळा, कुणीही. पण जयवंतनं बसायला म्हणून हात टेकला आणि उचलला.

"कातळ ओला आहे."

"दव असेल."

"तुझ्या बाजूला आहे का?"

कुंडलिकनं हात फिरवला. "इथं कोरडा आहे."

ओला भाग चटईएवढा होता आणि स्वच्छ. शेवाळ नाही, खवलं नाही, मासळीचा वाससुद्धा नाही. कुणीतरी ओंजळीनं पाणी घेऊन तळहातानं घासून धुवावा, तसा.

त्या दिवसापासून मासे लागू लागले. असे की कुंडलिकच्या तोंडून आधी "झकास!" निघे, मग "अरे बापरे", मग काहीच नाही. जयवंतचा गळ पाण्यात पडायचा अवकाश. कधी मासा लागण्याआधी दोरी बोटावर अलगद हाले, कुणी पाण्यातून ती दोन बोटांत धरून नीट लावून देत असल्यासारखी. गावात लहान असताना त्याचा आजा तशी लावून द्यायचा. ती ओढ बोटाला लागली की जयवंतच्या अंगावर काटा येई. भीतीचा होताच. पण देवळाच्या गाभाऱ्यात गारव्यात पहिलं पाऊल टाकताना येतो, तसाही होता.

डावीकडे कुणी बसलेलं असे. मान वळवली की ते उजेडाच्या वाटीबाहेर सरके, किंवा वाटीच त्याला ओलांडून पुढं जाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतंच, की नजर गेलेल्या जागी मेंदू आपल्या मनचं काही भरतो. जयवंतनं ते घट्ट धरून ठेवलं. मेंदू भरतो. मात्र मेंदूनं भरलेल्या माणसाच्या अंगावरून पाणी निथळून कातळावर टपटपतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

आणि दर रविवारी तो तीन वाटे घालू लागला. आता जाणूनबुजून. काठावर आहे त्याला द्यायचं, एवढंच त्याला लहानपणापासून माहीत होतं. कोण आहेस, असं काठावरच्याला विचारत नसतात.

५

"आज मी पाठ करतो," कुंडलिक एकदा म्हणाला. आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "तू बोट ठेव. बघू तरी."

तो पाठ करून बसला. जयवंतनं पानं चाचपली. "हा कुणाचा?"

"माझा."

"हा?"

"तुझा."

"हा कुणाचा?"

कुंडलिक बोलेना. वर झाडीत एक कोतवाल पक्षी ओरडला आणि गप्प झाला. गोठ्याकडून बादलीचा आवाज आला, तोही थांबला.

"कुंडलिका, नाव घ्यायला लागतं रे."

"ज्याचा आहे त्याचा," कुंडलिक घाईनं म्हणाला, उठला, आणि आपला वाटा न उचलताच निघाला.

संध्याकाळी तो चाळीत आला. रत्नप्रभानं चहा दिला. तो तिच्यासमोर पावसाचं, पगाराचं बोलत राहिला. ती आत गेल्यावर खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "जयवंता, मी येणार नाही आता."

"भ्यालास?"

"माझ्या बापानं दीक्षा घेतली. घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं नदीत सोडले. भूतबीत, नवसबिवस आमच्याकडे चालत नाही, तुला माहीत आहे. जे मानत नाही त्याला भ्यायची मला लाज वाटते रे. म्हणून येत नाही."

"काय दिसलं तुला?"

"दिसलं काही नाही. पाठ होती ना माझी. पण तू श्वास सोडलास की कुणीतरी घेत होतं. तू सोडायचास, ते घ्यायचं. एकच श्वास, दोघांत." त्यानं बशी खाली ठेवली, ती कपावर वाजली. "तूही नको जाऊस यार. वाटेकरी म्हणजे माहीत आहे ना? आज तुझ्या माशांत वाटा. उद्या तोही काहीतरी वाटायला काढील, आणि तुला नाही म्हणता यायचं नाही."

जयवंतनं चाचपून कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "एकच रविवार राहिलाय, कुंडलिका."

६

त्या रविवारी श्यामकांतनं त्याला स्कूटरवरून गोठ्यांपर्यंत आणलं आणि हाताला धरून कातळावर बसवलं. "उन्हं चढली की न्यायला येतो. जागचे हलू नका. आणि बाबा..." तो घुटमळला. "नीट मजा करा."

स्कूटरचा आवाज उताराला लागून विरला. मग नदी ऐकू आली.

उजेड आता बांगडीएवढा उरला होता, तोही धुरकट. त्यात पाण्याचा एक तुकडा लखलखत होता. जयवंतनं दोरी बोटावर घेतली. मासे आले. भराभरा नाही, एकेक करून, ओळखीच्या माणसांनी निरोपाला यावं तसे. एक मोठी मरळ बाहेर काढताना त्याला रडू फुटलं आणि त्यानं डोळे पुसलेही नाहीत. बघायला होतं कोण?

होतं. डाव्या अंगाला थेंब टपकत होते.

त्याची बुद्धी म्हणाली, सगळे मासे पिशवीत भर आणि श्यामची वाट बघ. हातांनी ऐकलं नाही. त्यांनी पानं अंथरली. दोनच. जयवंतनं ती तळहातांनी पुन्हा पुन्हा मोजली. मासे सारखे वाटून ठेवले आणि तो नदीकडे पाठ करून बसला. समोर चढण होती, तिच्यावर बांगडीएवढं ऊन.

बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. कुंडलिक तर नाही. मग विचारणार कोण?

"ह्यो कोणाचो?"

आवाज म्हणावा असा नव्हता तो. दगडाखालून पाणी निघताना शब्द व्हावेत, तसा. आणि कुंडलिक नेहमी 'हा कुणाचा' म्हणे. हे गावचं होतं, लहानपणी ऐकलेलं.

जयवंतची जीभ टाळ्याला चिकटली होती. पण रीत जिभेच्याही आधीची. "तुझो," तो म्हणाला.

"ह्यो कोणाचो?"

"माझो."

संपलं. आता उठायचं. त्यानं गुडघ्यावर हात टेकला.

"ह्यो कोणाचो?"

पानं दोनच होती. मासे संपले होते. मग बोट कशावर ठेवलं होतं? वळून बघायचं नसतं. आणि वळला असता तरी तेवढ्याशा उजेडात किती मावणार होतं? मागं आता फक्त नदी होती. तिच्या काठचा हा कातळ होता. आणि पाठमोरा बसलेला तो स्वतः.

त्याला वाटलं, गप्प बसावं. कुंडलिकसारखं काहीतरी पळवाटीचं बोलावं. किंवा 'तुझो' म्हणून मोकळं व्हावं. तसं म्हणणं शहाणपणाचं होतं, मोठेपणाचंही. मग त्याला उद्याची खाट दिसली, रेडिओ दिसला, दारातून येणारे-जाणारे पाय दिसले. नदी सुटू नये अशी इतकी मोठी हाव छातीत उसळली की तिचा त्यालाच धाक वाटला.

"माझो," जयवंत म्हणाला.

चढणीवरचं ऊन गेलं. दिवा विझावा तसं नाही. त्याच्यावरून काहीतरी पारदर्शक, थंड, फार सावकाश चढत गेलं, आणि त्या पलीकडे ऊन वर वर जात लहान झालं.

मग त्याला दिसलं.

पुढं, मागं, दोन्ही अंगांना, एकदम. लहानपणीही त्याला कधी इतकं दिसलं नव्हतं. पाणीच पाणी, आणि पाण्याच्या आतून उजेड. उंबराची मुळं खाली किती खोल गेलेली, आणि त्यांच्या फटीफटीतून वामा केसांसारख्या झुलताहेत. मरळींच्या अंगावरचं एकेक खवलं जागं. डोहाला तळ आहे असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. तळ नव्हता. तिथून खाली आणखी नदी होती, या शहराच्या कितीतरी आधीची, आणि तिच्यात जे हिंडत होतं त्याचं नाव घ्यायला जयवंतकडे शब्द नव्हता. त्यानं नुसते हात जोडले. डाव्या अंगाला बसलेलं जे होतं ते उठलं आणि त्याच्यासमोरून खाली उतरत गेलं. जाताना त्यानं मान वळवली असावी. चेहरा होता की नाही, हे जयवंतला नंतर कधीच सांगता आलं नाही. एवढंच, की वाटा मिळाल्यावर माणूस जसा समाधानानं घरी जातो, तसं ते गेलं.

आणि काठ कुठंच नव्हता.

७

"बाबा! अहो बाबा, चला." श्यामकांतचा आवाज फार उंचावरून आला. मग हाताला हात लागला, कोरडा, ऊबदार. तो हात जयवंतला दिसला नाही. श्यामही दिसला नाही. "रडलात काय? दिसतंय ना थोडंफार?"

काय सांगावं? "दिसतंय," जयवंत म्हणाला. खोटं नव्हतं ते.

स्कूटरवर मागं बसून तो पाण्यातून गेला. रस्ता होता तिथंही पाणी होतं. रिक्षांचे भोंगे ऐकू येत, आणि त्या आवाजांच्या मधून चांदीसारखे थवे वळत. कारखान्याच्या भिंतीपाशी श्यामनं ब्रेक लावला, शिवी दिली, पुन्हा निघाला. जयवंत त्याच्या खांद्याला लहान मुलासारखा धरून बसला होता.

चाळीत जिने चढताना पाणी संपेल असं त्याला वाटलं होतं. संपलं नाही.

श्यामनं काठी माळ्यावर टाकली. लाकडाचा आवाज ऐकून रत्नप्रभाला वाटलं, आता नवरा काहीतरी बोलेल, रुसेल. पण जयवंत भिंतीला टेकून बसला होता, तोंड किंचित उघडं, जत्रेत आलेल्या पोरासारखं.

श्याम बाहेर गेला. रत्नप्रभानं ताट वाढलं. आमटीचा वास आला, बांगडी किणकिणली. "अवो, जेवा. बरा झाला, सुटलास एकदाचे त्या नदीतसून."

जयवंतनं घासासाठी हात पुढं केला आणि तसाच धरला.

दाराकडून काहीतरी आत येत होतं. आधी त्याला वाटलं, पाणीच गडद झालं. मग ते सरकत असल्याचं कळलं. त्याच्या आणि रत्नप्रभाच्या मधून एक बाजू जात होती, नुसती बाजू, खोलीहून उंच, शेवाळलेली, प्राचीन, हळू. डोकं केव्हाच पलीकडे गेलं होतं. जयवंतनं पाय आत घेतले, हात जोडले आणि मान खाली घातली.

"काय झाला?" रत्नप्रभानं विचारलं.

"हलू नको गो. जाऊंदे तेका."

"कोणाक?"

वारा नव्हता, पंखा बंद होता. पण मांडणीवरचा दाराकडचा पेला किणकिणला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. एकेक भांडं, दारापासून खिडकीच्या दिशेनं, काहीतरी अंग घासून जावं तसं वाजत निघालं. रत्नप्रभाच्या हातातली पळी आमटीच्या पातेल्याच्या तोंडाशी थांबली. तिनं मांडणीकडे बघितलं. नवऱ्याच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. आणि ती भिंतीला लागून उभी राहिली, पदर सावरून, थोरामोठ्यांना वाट द्यायची असते तशी.

बऱ्याच वेळानं तिनं अगदी हळू विचारलं, "गेला?"

"नाय," जयवंत म्हणाला. "शेपटी येवची आसा अजून."